टेपची मुदत संपली, माहिती मात्र टेपवरच: बॅकअप टेप पुन्हा वापरताना काय करावं?

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी.

जळगावच्या एका सहकारी बँकेत मी सिस्टिम विभाग सांभाळतो. आमच्याकडे एलटीओ-६ चा, म्हणजे एलटीओ प्रकारच्या चुंबकीय बॅकअप टेपांच्या सहाव्या पिढीचा, एक ड्राइव्ह आहे. रोजच्या टेपा दोन आठवड्यांनी फिरून वापरात येतात, शनिवारची टेप महिनाभराने, आणि महिनाअखेरची टेप धुळे शाखेच्या स्ट्राँगरूममध्ये जाते. मार्चअखेरच्या टेपा वेगळ्या कपाटात. रोटेशन व्यवस्थित चालू आहे, रिस्टोर, म्हणजे टेपवरून माहिती परत घेणं, तेही होतं.

यंदा ऑडिटला आलेल्या साहेबांनी विचारलं, "मुदत संपलेल्या टेपवरचा डेटा नष्ट झाला हे कशावरून दिसतं?" मी सॉफ्टवेअरचा रिपोर्ट पुढे केला. त्यात त्या टेपांसमोर 'एक्स्पायर्ड' असं लिहिलं होतं. ते म्हणाले, टेपवर काय आहे ते सांगा.

त्याच संध्याकाळी स्क्रॅच पूलमध्ये, म्हणजे पुन्हा लिहायला मोकळ्या धरलेल्या टेपांमध्ये, परत आलेली एक जुनी मासिक टेप ड्राइव्हमध्ये घातली आणि चाचणीच्या मशीनवर तिचा कॅटलॉग, म्हणजे तिच्यावर काय काय आहे त्याची यादी, नव्याने बनवायला लावला. टेप बराच वेळ मागेपुढे फिरली आणि पडद्यावर एकेक फोल्डर उमटायला लागलं. कर्ज विभाग, २०१७. त्यातली एक फाइल उघडली. नामंजूर झालेल्या केळी पीककर्जाचा अर्ज होता. अर्जदाराचा फोटो, आधारची झेरॉक्स, सातबारा, खाली अंगठा. ज्या माणसाला आपण कर्जही दिलं नाही, त्याचं सगळं आपल्या कपाटात पडून आहे, आणि आपला रिपोर्ट म्हणतो की मुदत संपली.

आता मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. टेप पुन्हा वापरली की जुना डेटा खरोखर जातो का? आमच्याकडे एलटीओ-४ च्या जुन्या टेपांचे खोके आहेत, ते भंगारात द्यायचं घाटत आहे, ते द्यावेत का? आणि मुळात कुठली टेप किती वर्षं ठेवायची, हे ठरवायचं कोणी आणि कसं?

सातपुडा_शहादा

भाऊ, टेपा क्विक इरेज करून टाका. काही मिनिटांत होतं. आमच्याकडे साखर कारखान्यात हेच करतात.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

क्विक इरेजने तापीकाठभाऊंचं काम होणार नाही. टेप लिहिली कशी जाते ते आधी पाहू, बाकीचं सगळं त्यावरच ठरतं.

एलटीओ-६ ची टेप अर्धा इंच रुंद आणि ८४६ मीटर लांब असते. हेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लिहीत जातं, तिथे वळतं आणि शेजारच्या पट्ट्यावर उलट लिहीत येतं. अशा १३६ फेऱ्या झाल्या की टेप भरते. लिखाण जिथे थांबतं तिथे ड्राइव्ह 'डेटा इथे संपला' अशी खूण ठेवतो आणि त्या खुणेपलीकडे तो वाचत नाही. क्विक इरेज फक्त ही खूण टेपच्या सुरुवातीला आणून ठेवतं. पुढचे २.५ टीबी जागच्या जागीच असतात. साध्या ड्राइव्हवर ते दिसत नाहीत, पण डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत ती खूण ओलांडून वाचता येतं, आणि हा अनेकांचा रोजचा धंदा आहे.

तुमच्या टेपचं तर क्विक इरेजही झालेलं नव्हतं. सॉफ्टवेअरने आपल्या कॅटलॉगमधली नोंद काढली, एवढंच. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून शेतातलं पीक हलत नाही, तसंच हे आहे. कॅटलॉग पुन्हा बनवला आणि सगळं परत आलं.

आता 'टेप पुन्हा वापरली की जुनं जातं का?' याचं उत्तर. जेवढ्या लांबीवर नवीन लिहिलं तेवढंच जुनं जातं. समजा त्या मासिक टेपवर आता रोजचा ५०० जीबीचा बॅकअप घेता. १३६ पैकी साधारण पहिल्या २७ फेऱ्यांवर नवीन आलं, उरलेल्या शंभराहून जास्त फेऱ्यांवर २०१७ तसंच. पुढच्या वेळी पुन्हा तेच, कारण लिखाण दर वेळी सुरुवातीपासून होतं. रोजचा बॅकअप जोवर टेपच्या पाचव्या हिश्शात मावतो, तोवर मागचा भाग कितीही वर्षं फिरवलात तरी पुसला जात नाही. ही गोष्ट फार थोड्या लोकांच्या ध्यानात येते, म्हणून मुद्दाम लांबण लावली.

पूर्ण टेप खरंच पुसायची तर लाँग इरेज करा, म्हणजे ड्राइव्ह या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी टेप लिहून काढतो. एलटीओ-६ चा वेग सेकंदाला १६० एमबी, तेव्हा एका टेपला सव्वाचार तासांहून जास्त लागतात. तेवढा वेळ ड्राइव्ह अडकतो. रोजची टेप तुमच्याच कपाटातून तुमच्याच ड्राइव्हमध्ये जात असेल तर दर वेळी याची गरज नाही. पण मासिक टेप रोजच्या फेऱ्यात आणताना, म्हणजे एका कामातून दुसऱ्या कामात देताना, एकदा लाँग इरेज झालंच पाहिजे.

सातपुडा_शहादा

म्हणजे बठ्ठा डेटा तठेच शे भाऊ! हे मला माहीत नव्हतं. आमच्या टेपा उद्याच बघतो.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

जरूर बघा. तुमच्याकडे ऊस उत्पादकांची बँक खाती आणि बिलं असतील, तीही त्याच प्रकारची माहिती आहे.

तापीकाठभाऊ, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. टेपवरची एक फाइल काढून टाकता येत नाही. डिस्कवर एका माणसाची नोंद काढता येते. टेपच्या मध्ये जाऊन काही बदललं की त्यापुढचं सगळं वाचण्याच्या बाहेर जातं. त्यामुळे पुसायचं झालं तर अख्खी टेपच. मग टेपची मुदत कुठली? तिच्यावरच्या सगळ्यांत जास्त मुदतीच्या गोष्टीची. आठ वर्षं ठेवायच्या खातेवहीबरोबर सहा महिने ठेवायचं कॉल रेकॉर्डिंग एकाच टेपवर गेलं, की ते रेकॉर्डिंगही आठ वर्षं राहणार.

म्हणून पुसायचं कधी हे खरं तर लिहिताना ठरतं. कुठला जॉब, म्हणजे बॅकअपचं कुठलं ठरलेलं काम, कुठल्या टेपवर जातो ते मला सांगा, तुमची मुदत किती आहे ते मी सांगतो. तुमच्या मासिक टेपवर काय काय आहे?

तापीकाठ (जळगाव)

सगळंच आहे. कोअर बँकिंगचा डेटाबेस, कर्ज विभागाचं स्कॅनिंग, कर्मचाऱ्यांचे पगार, ईमेल, सीसीटीव्हीचे काही तुकडे, सर्व्हरचे लॉग. एकच जॉब, 'पूर्ण मासिक' नावाचा. माझ्या आधीच्यांनी लावला होता आणि कधी अडला नाही, म्हणून तोच चालू राहिला.

पांझरा_सीए (धुळे)

मी सहकारी संस्थांचं ऑडिट करते, म्हणून कायद्याची बाजू सांगते. टेपचं तांत्रिक गिरणाकाठ दादांनी सांगितलंच आहे.

'सगळं कायमचं ठेवा' असं कुठलाच कायदा सांगत नाही. सहकारी बँकांसाठी नोंदी जपण्याच्या कालावधीचे १९८५ चे नियम आहेत. त्यात काही नोंदी पाच वर्षं आणि काही आठ वर्षं अशी विभागणी आहे. मनी लाँडरिंग कायद्याखाली व्यवहारांच्या नोंदी व्यवहारापासून पाच वर्षं ठेवायच्या. ओळखीची कागदपत्रं मात्र खातेदाराशी संबंध संपल्यापासून पाच वर्षं. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सिस्टिमचे लॉग १८० दिवस. बघा, एकाच टेपवरच्या गोष्टींना १८० दिवसांपासून आठ वर्षांपर्यंत मुदती आहेत.

ओळखीच्या कागदपत्रांचं नीट लक्षात घ्या. मुदत खातं बंद झाल्यावर सुरू होते. अमुक खातं कधी बंद झालं हे टेपला कळत नाही. म्हणजे केवायसी जपण्याची जागा बॅकअप टेप असूच शकत नाही. ती चालू सिस्टिममध्ये किंवा वेगळ्या दप्तरात हवी, जिथे एकेक खातं शोधता येतं आणि एकेक काढता येतं. सर्व्हर जळाला, कोणी व्हायरस सोडला, तर धंदा पुन्हा उभा करायला बॅकअप असतो. त्याला काही महिन्यांची मुदत पुरते. आमच्या भागातल्या बहुतेक संस्था दप्तर आणि बॅकअप एकाच टेपवर चालवतात, आणि मग दोन्हींचं नीट होत नाही.

आता नवीन कायद्याबद्दल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांच्या मुदतीनंतर लागू होतात. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसायची, दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितली असेल तर तेवढी ठेवायची, असा त्याचा गाभा आहे. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. तुम्ही पाहिलेला तो केळीवाल्या शेतकऱ्याचा नामंजूर अर्ज याच कायद्यात बसतो. अशा अर्जांसाठी संचालक मंडळाने मुदत ठरवून ठराव केला पाहिजे. सिस्टिम विभागाने ती परस्पर ठरवू नये, आणि तुमच्यावर कोणी ढकललं तरी घेऊ नका.

जिल्हा_रुग्णसेवा (धुळे)

मी खाजगी रुग्णालयात संगणक विभागात आहे. आमच्याकडे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचे आणि रुग्णाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे. पोलिस केस असेल तर ते कागद आम्ही वेगळे काढतो.

मला एक अडचण वेगळीच आली, ती इथे सांगते, कारण बँकेतही येईल. मुदत संपलेल्या रुग्णांच्या नोंदी आम्ही चालू डेटाबेसमधून काढल्या. पुढे सर्व्हर बिघडला, जुन्या टेपवरून रिस्टोर केला, आणि काढलेले सगळे रुग्ण परत यादीत आले. त्यांना तपासणीच्या आठवणीचे एसएमएससुद्धा गेले. एका घरी तर रुग्ण आता हयात नव्हते. त्यांच्या मुलीचा फोन मीच घेतला होता.

तेव्हापासून आम्ही काढलेल्या नोंदींची एक यादी ठेवतो. त्यात नाव नसतं, फक्त नोंदणी क्रमांक आणि तारीख. ही यादी त्या सर्व्हरवर नाही, दुसरीकडे असते. टेपवरून काहीही रिस्टोर केलं, की लोकांना लॉगिन द्यायच्या आधी ती यादी चालवून त्या नोंदी पुन्हा काढायच्या. टेपवरून एक माणूस काढता येत नसेल, तर निदान तो टेपवरून परत येणार नाही एवढं आपल्या हातात आहे.

तापीकाठ (जळगाव)

ताई, हे फार मोलाचं आहे. आमच्या रिस्टोरच्या कार्यपद्धतीत ही पायरी नव्हती. घालून घेतो.

भुसावळ_जंक्शन

भंगाराच्या खोक्यांबद्दल मी सांगतो, माझं काम त्यातलंच आहे.

देऊ नका. एलटीओ-४ ची टेप ८२० मीटरची आणि ८०० जीबीची. म्हणजे मीटरमागे जवळपास एक जीबी. एलटीओ-६ वर तर मीटरमागे तीन जीबीच्या आसपास. कोणी म्हणतं की आम्ही टेप ओढून काढून कात्रीने कापतो. हातभर तुकड्यावर काय काय बसतं याचा हिशेब तुम्हीच करा. आणि बाहेर भंगारात गेलेलं कार्ट्रिज फुटतंच असं नाही. चांगलं दिसलं तर ते 'वापरलेली टेप' म्हणून विकायला येतं.

डिगॉसर हा एक मार्ग आहे. जोरदार चुंबकीय क्षेत्रातून टेप गेली की डेटा जातो. पण एलटीओच्या टेपवर कारखान्यातच सर्व्हो ट्रॅक लिहिलेले असतात. हेडला रस्ता दाखवणाऱ्या त्या रेघा. डिगॉसिंगमध्ये त्याही जातात आणि त्या तुमच्या ड्राइव्हला पुन्हा लिहिता येत नाहीत. म्हणजे डिगॉस केलेली एलटीओ टेप कायमची बाद. जुन्या ऑडिओ-व्हिडिओ टेपा डिगॉस करून परत वापरायचे, त्या सवयीने कोणी नव्या टेपांचा अख्खा संच यात घालू नये. आणि उलटही बघा: जुना ऑडिओ टेपचा डिगॉसर एलटीओला पुरत नाही, कारण या टेपांच्या चुंबकीय थराला बरंच जास्त क्षेत्र लागतं. यंत्रावर एलटीओची कुठली पिढी चालते ते लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय काम देऊ नका.

अमेरिकेच्या निस्ट संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिका जगभर वापरतात. तिच्या २०१४ च्या आवृत्तीत टेपसाठी तीन पायऱ्या आहेत: पूर्ण टेपवर पुन्हा लिहिणं, डिगॉस करणं, आणि श्रेडरमध्ये घालणं किंवा भट्टीत जाळणं. पहिल्यात ड्राइव्ह फार वेळ अडकतो हे तिथेही मान्य केलं आहे. जाळणं म्हणजे गोडाऊनच्या मागे आगपेटी लावणं नव्हे. प्लास्टिकचं कवच आणि पॉलिस्टरची फीत जळताना धूर विषारी निघतो, आणि गुंडाळलेली फीत आतून जळतही नाही. अर्धवट जळालेली रिळं मी पाहिली आहेत. वरचे वेढे वितळलेले, आतले वेढे कोरे करकरीत.

श्रेडरवाला बोलवा, तुमच्या आवारात काम करून घ्या, तुमची दोन माणसं उभी ठेवा. प्रत्येक टेपचा बारकोड यादीशी जुळवून मगच ती यंत्रात. प्रमाणपत्रावर 'एक खोका टेपा' लिहून देत असतील तर घेऊ नका, बारकोडवार हवं. वर्म टेपा, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या, तुमच्या खोक्यात असतील तर त्यांना नष्ट करण्याशिवाय मार्गच नाही. त्या ड्राइव्हवर पुसल्या जात नाहीत.

चोपडेकर (सध्या पुणे)

एन्क्रिप्शनचा, म्हणजे माहिती सांकेतिक करून लिहिण्याचा, कोणी उल्लेख केला नाही. एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्येच त्यासाठी एईएस-२५६ या पद्धतीची सोय आहे. टेप लिहितानाच एन्क्रिप्ट केली, तर पुढे ती उलगडणारी किल्ली, म्हणजे 'की', नष्ट केल्यावर टेप वाचण्याजोगी राहत नाही. सव्वाचार तास लागत नाहीत, आणि धुळ्याला जाताना पेटी हरवली तरी घाबरायला नको. २००५ साली बँक ऑफ अमेरिकाच्या बॅकअप टेपा वाहतुकीत हरवल्या, त्यावर सुमारे १२ लाख सरकारी कर्मचाऱ्यांची माहिती होती. त्यानंतर टेप एन्क्रिप्ट करण्याबद्दल सगळीकडे गांभीर्य आलं.

पण तीन पथ्यं पाळा. सगळ्या टेपांना एकच की लावू नका, नाहीतर एका टेपसाठी की नष्ट करता येणार नाही. मासिक टेपांना महिनावार की द्या. दुसरं, कीच्या प्रती कुठे कुठे आहेत ते शोधा. की मॅनेजरचा, म्हणजे या की सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, डेटाबेससुद्धा बॅकअपमध्ये जातो, म्हणजे नष्ट केलेली की मागच्या महिन्याच्या टेपवर जिवंत असते. की मॅनेजरचा बॅकअप वेगळा आणि कमी मुदतीचा हवा. तिसरं, आधी एन्क्रिप्ट न करता लिहिलेल्या टेपांना याचा उपयोग नाही. तुमची २०१७ ची टेप आणि एलटीओ-४ चे खोके, त्यांना भुसावळकरांचाच मार्ग.

रावेरची_लेक

आमचं केळी निर्यातीचं काम. टेपा कमी आहेत, पण एक अनुभव सांगते. जळगाव ते धुळे पेटी कशी नेता? वैशाखात गाडीच्या डिकीत ठेवत असाल तर टेपवर नष्ट करायलाही काही उरणार नाही आणि वाचायलाही. लांब मुदतीच्या टेपा १६ ते २५ अंशांत आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवायच्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं, बंद डिकीत त्याहून किती तरी जास्त. स्ट्राँगरूमला एसी आहे का तेही बघा. पैशांना लागत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी नसतो. गरम पेटी आली की लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका, खोलीच्या तापमानाला दिवसभर राहू द्या.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

अगदी बरोबर. त्याला जोडून ड्राइव्हच्या पिढीचं सांगतो. एलटीओ-६ चा ड्राइव्ह एलटीओ-४ वाचतो आणि एलटीओ-५ वर लिहितो. म्हणजे तुमच्या एलटीओ-४ टेपा तुम्ही आज फक्त वाचू शकता, तुमच्या ड्राइव्हवर लाँग इरेज होणार नाही. एलटीओ-७ घेतलात तर वाचताही येणार नाही. एलटीओ-८ तर सातच्या मागे जातच नाही. आठ वर्षांची मुदत लिहून ठेवताना तेवढी वर्षं वाचणारा ड्राइव्ह हातात असेल का, हे त्याच ठरावात लिहा. एलटीओ-४ मध्ये ठेवण्याजोगं काही आहे का ते या ड्राइव्हवर तपासा, असेल ते दप्तरात हलवा, आणि मग सगळे श्रेडरला.

दप्तरखाना (धुळे)

मी जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात काम करणारी. धागा वाचून थोडी काळजी वाटली, म्हणून लिहिते. 'नष्ट करा' हा सूर बरोबर आहे, पण आधी दप्तर वेगळं काढा, हे पांझराताईंचं वाक्य मोठ्या अक्षरांत लिहायला हवं.

अपोलो ११ चंद्रावर उतरलं १९६९ मध्ये. त्या चित्रीकरणाच्या मूळ डेटा टेपा नासाने पुढे बरीच वर्षं शोधल्या आणि २००९ मध्ये सांगितलं की त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. टेपांचा तुटवडा होता. कोणी दुष्टपणे केलं नाही. त्या पुन्हा वापरायच्या टेपांमध्ये गेल्या, आणि त्या तिथे असू नयेत हे कोणाच्या यादीत नव्हतं.

याच्या उलटही आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या इराण-काँट्रा या शस्त्रविक्री प्रकरणात तिथले सरकारी अधिकारी ऑलिव्हर नॉर्थ यांनी व्हाइट हाउसच्या संगणकावरचे आपले संदेश पुसले. बॅकअप टेपांवर ते शिल्लक होते आणि तपासात बाहेर आले.

आपल्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून कागद जपत आलं आहे. तिथले हिशेब आणि पत्रं आज आपण वाचतो, कारण कोणीतरी ते रद्दीतून बाजूला काढले. तुमच्या बँकेच्या पहिल्या सभासदांची नोंदवही, पहिले ठराव, दुष्काळातल्या कर्जांची माहिती, हे टेपवर असेल तर श्रेडरच्या आधी कोणीतरी बसून बघावं, ही हात जोडून विनंती आहे.

पांझरा_सीए (धुळे)

ताईंचं म्हणणं शंभर टक्के मान्य. त्यातच कोर्टाची बाब येते. वसुलीचा दावा, चौकशी, फसवणुकीची तक्रार, काहीही चालू असेल किंवा होईल असं दिसत असेल, तर त्या माहितीच्या टेपा रोटेशनमधून ताबडतोब बाहेर काढायच्या. पुराव्यासाठी लागणारी इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे.

पण याचा अर्थ सगळं रोटेशन थांबवा असा नाही. अमेरिकेत झुबुलाके विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या खटल्यात २००३ मध्ये न्यायालयाने याच प्रश्नावर लिहिलं आहे. केवळ आपत्तीसाठी ठेवलेल्या बॅकअप टेपा ठरल्या धोरणाप्रमाणे फिरवायला हरकत नाही, पण वादातल्या प्रमुख माणसांची माहिती कुठल्या टेपवर आहे हे ओळखता येत असेल, तर त्या टेपा राखल्या पाहिजेत. आपल्यावर तो निकाल बंधनकारक नाही, विचार मात्र पटणारा आहे. आणि तो पाळायचा तर कुठल्या टेपवर कोणाचं काय आहे हे सांगता आलं पाहिजे. 'पूर्ण मासिक' अशा एका नावाखाली ते सांगता येत नाही.

तापीकाठ (जळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. इथलं वाचून मी टिपण तयार केलं आणि परवा बँकेतल्या साहेबांपुढे ठेवलं. जे ठरलं ते सांगतो.

'पूर्ण मासिक' बंद. आता जॉब मुदतीप्रमाणे वेगळे. डेटाबेसचा बॅकअप आपत्तीपुरता, त्याच्या टेपा कमी महिन्यांत फिरतील. कर्ज आणि केवायसीचं स्कॅनिंग दप्तर म्हणून वेगळ्या साठ्यात जाईल, तिथे खातेवार शोधता आणि काढता येईल. सीसीटीव्ही आणि लॉग टेपवर जाणारच नाहीत, त्यांची मुदत डिस्कवरच संपेल. नामंजूर अर्जांची मुदत पुढच्या सभेत ठरावाने ठरेल. एन्क्रिप्शन नव्या टेपांपासून सुरू, महिनावार की.

रजिस्टरही उघडलं. टेपचा बारकोड, कुठला जॉब, पहिल्यांदा कधी लिहिली, मुदत कधी संपते, कोर्टासाठी किंवा तक्रारीसाठी राखून ठेवायची आहे का, मुदत संपल्यावर काय केलं, म्हणजे लाँग इरेज की नष्ट, आणि दोन सह्या. लाँग इरेजच्या पुढे ड्राइव्हच्या लॉगची प्रिंट चिकटवायची. ऑडिटरना दाखवलं, त्यांनी सही केली.

एलटीओ-४ चे खोके आधी तपासू. कर्ज विभागातले एक ज्येष्ठ सहकारी निवृत्तीनंतरही येऊन बसायला तयार झाले आहेत. जुन्या ठरावांचं स्कॅनिंग त्यांनीच केलं होतं, त्यांना कुठे काय आहे ते माहीत आहे.

एक प्रश्न उरला. खोक्यात काही टेपा अशा आहेत ज्या ड्राइव्ह घेतच नाही. घातली की लाल दिवा लागतो आणि टेप बाहेर येते. त्यांच्यापुढे रजिस्टरमध्ये 'खराब' लिहून सोडून द्यावं का?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

नाही. तुमच्या ड्राइव्हला वाचता येत नाही, एवढंच त्यावरून कळतं. आधी क्लिनिंग टेप घालून बघा. ती साधारण ५० वेळा चालते, तिचीही मोजणी ठेवा, संपलेली क्लिनिंग टेप घालून लोक चांगल्या टेपा बाद ठरवतात. तरीही घेतली नाही तर कवचाच्या आत टेपचा पुढचा पिन निसटला आहे का ते पाहा. बऱ्याचदा तेवढंच असतं आणि फितीवरचा डेटा पूर्ण शाबूत असतो. कार्ट्रिजमधली चिप बिघडली तरी ड्राइव्ह टेप नाकारतो, तेव्हाही डेटा असतोच. तिच्यात काय आहे हे तपासता येत नाही, म्हणून 'आत सगळ्यांत नाजूक माहिती आहे' असं धरूनच चाला. एखाद्या बारकोडवर ठेवण्याजोगं असल्याचं तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना आठवलं, तर ती टेप बाजूला काढून रिकव्हरीवाल्याला विचारा. बाकीच्या पहिल्या खेपेत श्रेडरला.

तापीकाठ (जळगाव)

समजलं. क्लिनिंग टेपची मोजणी आमच्याकडे नव्हती, तो रकाना आजच घालतो. बारकोडची यादी झाली की इथे टाकू का, म्हणजे तुम्ही एकदा नजर घालाल?

भुसावळ_जंक्शन

इथे नको भाऊ. कुठल्या शाखेत कुठली टेप कधी असते हे उघड्यावर लिहू नये. रिकामा नमुना टाका, रकाने बघून सांगतो. भरलेली यादी बँकेतच ठेवा.

तापीकाठ (जळगाव)

बरोबर आहे. रकाने तेवढे उद्या टाकतो.